तक्त्यातील कोऱ्या ओळी : पारख आणि सफाई

विकासाच्या कोणत्याही योजनेची आखणी आकडेवारीच्या पायावर होत असते आणि ही आकडेवारी आज बहुतांशी संगणकावरील तक्त्यात साठवली जाते. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आणि सहकारी संस्थेपासून महाविद्यालयापर्यंत ‘स्प्रेडशीट’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. हिशेबाच्या वहीचा आडव्या-उभ्या रेघांचा कागदच जणू पडद्यावर आणावा, या कल्पनेतून डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम तयार केला. आजचे ‘एक्सेल’, ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ आणि ‘गूगल शीट्स’ हे त्याच वंशातले. वहीचे गुण जसे या तक्त्यात उतरले, तशा वहीच्या सवयीही उतरल्या. त्यांपैकीच एक सवय म्हणजे मध्ये मध्ये कोरी ओळ सोडण्याची.

कागदावर कोरी ओळ निरुपद्रवी असते; किंबहुना ती डोळ्यांना विसावा देते. संगणकाच्या तक्त्यात मात्र ती बेरीज तोडते, क्रम बिघडवते आणि यादीचा काही भाग नजरेआड करते. म्हणून ती काढून टाकणे आवश्यक ठरते. तथापि घाईने काढताना कोऱ्या ओळीबरोबर भरलेली ओळही जाऊ शकते आणि त्या ओळीत एखाद्या लाभार्थ्याचे नाव असू शकते. म्हणूनच आधी पारख आणि मग सफाई हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याची रीत समजावून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी एक खुलासा करणे इष्ट होईल. येथे सूत्रांची आणि आज्ञांची नावे नागरी लिपीत दिली आहेत. प्रत्यक्ष तक्त्यात सूत्रे लिहिताना ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत लिहावयाची असतात. आडव्या रांगेला ‘ओळ’, उभ्या रांगेला ‘रकाना’ आणि दोहोंच्या छेदातील घराला ‘सेल’ असे म्हटले आहे.

कोऱ्या ओळी येतात कोठून?

कोऱ्या ओळींचे उगम अनेक आहेत. पहिला उगम सजावटीचा. एका तालुक्याची गावे संपली की एक ओळ मोकळी सोडून दुसरा तालुका सुरू करावयाचा, ही नोंदवहीतील पद्धत तक्त्यातही पाळली जाते. दुसरा उगम संकलनाचा. दहा कार्यालयांकडून आलेले दहा तक्ते एकाखाली एक चिकटवले की प्रत्येकाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या ओळीही सोबत येतात. तिसरा उगम छापील अहवालाचा. हिशेबाच्या अन्य प्रणालीतून किंवा छापण्यायोग्य प्रतीतून मजकूर उचलला की पानांमधील मोकळी जागा ओळींच्या रूपाने तक्त्यात उतरते. चौथा उगम अर्धवट पुसण्याचा. नको असलेली नोंद निवडून ‘डिलीट’ कळ दाबली की तिच्यातील मजकूर जातो, पण ओळ जागच्या जागी राहते. पाचवा उगम सूत्रांचा. पुढे नोंदी वाढतील या अपेक्षेने शेकडो ओळींपर्यंत सूत्र ओढून ठेवले जाते. त्या ओळी दिसावयास कोऱ्या, पण आतून सूत्राने भरलेल्या असतात.

उगम कोणता हे ओळखले म्हणजे उपायही ठरतो. सजावटीची ओळ निर्धास्त काढता येते. पुसलेल्या नोंदीची ओळ काढण्यापूर्वी ती कोणी व का पुसली हे विचारावे लागते.

कोऱ्या ओळीचा उपद्रव

तक्त्यातील एका सेलवर उभे राहून आपण क्रम लावण्याची आज्ञा देतो, तेव्हा तक्ता कोठून कोठवर आहे हे संगणक स्वतःच ठरवतो. त्याचा नियम सोपा आहे. चारही बाजूंनी पूर्ण कोरी ओळ किंवा पूर्ण कोरा रकाना लागेपर्यंतचा सलग भाग म्हणजे तक्ता, असे तो मानतो. समजा, ४०० ओळींच्या यादीत १२१ वी ओळ कोरी आहे. वरच्या भागात उभे राहून आडनावांचा क्रम लावला, तर पहिल्या १२० ओळींचाच क्रम लागेल. खालच्या ओळी पूर्वीच्याच क्रमाने राहतील आणि संगणक याची कोणतीही सूचना देणार नाही. ‘फिल्टर’ म्हणजे चाळणी लावली तरी हीच गत होते. कोऱ्या ओळीखालील नोंदी चाळणीच्या बाहेर राहतात. रकान्याच्या तळाशी आपोआप बेरजेची कळ दाबली, तर खालून वर जाताना पहिला कोरा सेल लागला की बेरजेचा पट्टा तेथेच थांबतो. उत्तर येते, ते नीटनेटके दिसते, पण ते अपुरे असते.

पट्टा अपुरा राहिल्याने काय होते याचे जगभर गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातील आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ साली त्यांचा मूळ तक्ता तपासला. तेव्हा सरासरीच्या एका सूत्रात २० देशांच्या ओळींपैकी १५ ओळीच घेतल्या गेल्याचे आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. निष्कर्षांतील सगळा फरक या एका चुकीमुळे पडलेला नव्हता आणि तेथे कारण कोरी ओळ हे नव्हते. तरीही सूत्राचा पट्टा पाच ओळी आधी संपला तर तक्ता स्वतःहून बोलत नाही, हा धडा त्यातून मिळतो. कोरी ओळ नेमकी हीच चूक घडवून आणते आणि तीही प्रत्येक वेळी नव्याने.

कोरे, शून्य, निरंक आणि अप्राप्त

सफाईच्या कृतीकडे वळण्यापूर्वी एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्या प्रशासनाच्या परंपरेत तो पूर्वीपासून आहे. नोंदवहीत किंवा विवरणपत्रात कळवण्यासारखे काही नसेल, तर लेखनिक जागा मोकळी सोडत नाही. तेथे ‘निरंक’ असे लिहितो. अहवालात सांगण्यासारखे काही नसले तरी निरंक अहवाल पाठवला जातो. वरचीच नोंद खाली पुन्हा असेल तर ‘कित्ता’ लिहिले जाते. या छोट्या शब्दांमागे मोठा विचार आहे. मोकळी जागा पाहून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘निरंक’ पाहून मात्र कोणीतरी तपासले आणि काही आढळले नाही, एवढे निश्चित कळते.

संगणकाच्या तक्त्यात हे शब्द गळाले आणि सगळ्यांच्या जागी रिकामा सेल आला. त्यामुळे होणारा घोटाळा पावसाच्या नोंदीवरून स्पष्ट होईल. नमुन्यादाखल सहा महसूल मंडळांचा एक तालुका घेऊ. सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांतील पाऊस मिलिमीटरमध्ये असा आला आहे : २४, १८, ०, ३०, पाचव्या मंडळाची जागा मोकळी आणि सहाव्याचे १२. पाचव्या मंडळाची नोंद आलेलीच नाही. ‘ॲव्हरेज’ हे सूत्र मोकळा सेल सोडून देते, पण शून्य मोजते. म्हणून ते ८४ ला ५ ने भागून १६.८ हे उत्तर देईल. मोकळ्या जागी कोणी सोयीसाठी शून्य भरले, तर ८४ ला ६ ने भागले जाऊन उत्तर १४ येईल. उलट तिसऱ्या मंडळाचे शून्य हे ‘काही नाही’ समजून कोणी ती ओळही काढली, तर ८४ ला ४ ने भागून २१ मिळतील. तक्ता एकच, पाऊसही तोच; पण सरासऱ्या तीन.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी, हा निकष राज्यात पीकनुकसानीच्या मदतीसंबंधी वापरला गेला आहे. ज्या मंडळाची नोंद आली नाही त्याची ओळ मोकळी दिसली म्हणून काढून टाकली, तर यादी नीटनेटकी दिसेल. पण त्या मंडळात किती पाऊस झाला, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. मोकळी ओळ निदान तो प्रश्न विचारत होती.

जनगणनेचे उदाहरणही बोलके आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावे आहेत आणि त्यांपैकी अडीच हजारांहून अधिक गावांत वस्ती नाही. अशा बेचिराख गावांना नाव आहे, क्षेत्रफळ आहे, सांकेतिक क्रमांक आहे. फक्त लोकसंख्येचे रकाने रिते आहेत. लोकसंख्येचा रकाना पाहून या ओळी काढल्या तर माणसांची बेरीज तीच राहते, पण गावांची संख्या आणि क्षेत्रफळ दोन्ही चुकतात. सारांश, एका रकान्यात काही नाही म्हणजे ओळीत काही नाही, असे नव्हे.

सर्वांत जवळची आणि धोक्याची वाट

कोऱ्या ओळी काढण्याची जी युक्ती एकमेकांना आवर्जून सांगितली जाते ती अशी : संपूर्ण तक्ता निवडावा, ‘गो टू स्पेशल’ या आज्ञेतून ‘ब्लँक्स’ हा पर्याय घ्यावा आणि निवडल्या गेलेल्या सेलांच्या संपूर्ण ओळी काढून टाकाव्यात. काम चार क्षणांत होते. परंतु ही आज्ञा कोऱ्या ओळी शोधत नाही, ती कोरे सेल शोधते. ज्या ओळीत एकही सेल कोरा असेल ती ओळ या तडाख्यात सापडते.

एका काल्पनिक यादीवरून याचा परिणाम पाहू. निवृत्तिवेतनाच्या लाभार्थ्यांची ४१२ ओळींची यादी आहे. तीत नाव, गाव, तालुका, जन्मवर्ष, अर्जाची तारीख, बँक खाते क्रमांक आणि मासिक रक्कम असे सात रकाने आहेत. ३६९ ओळी पूर्ण भरलेल्या आहेत, २४ ओळी सर्वस्वी कोऱ्या आहेत आणि १९ ओळींत कोणता ना कोणता एखादा रकाना भरावयाचा राहिला आहे. वरील युक्तीने २४ ऐवजी ४३ ओळी जातील. जास्तीच्या १९ ओळी कोणाच्या? ज्या वृद्धेचे खाते अद्याप उघडलेले नाही, ज्या निराधाराच्या जन्मवर्षाचा दाखला मिळालेला नाही, त्यांच्या. म्हणजे ज्यांच्या प्रकरणाकडे कार्यालयाने सर्वांत आधी लक्ष द्यावयाचे, तेच यादीतून नाहीसे होतात. उरलेली ३६९ नावांची यादी मात्र परिपूर्ण दिसते. यादीला ‘शेरा’ हा आठवा रकाना असता आणि तोही निवडीत घेतला असता, तर शेरा नसलेली प्रत्येक ओळ गेली असती.

ही आज्ञा टाकाऊ आहे असे नाही. वर ‘कित्ता’चा उल्लेख आला आहे. तालुक्याचे नाव पहिल्या गावासमोर एकदाच लिहून खालचे सेल मोकळे ठेवले असतील, तर ते भरण्यासाठी ती उत्तम आहे. तालुक्याच्या रकान्यातील कोरे सेल या आज्ञेने निवडावेत, बरोबरचे चिन्ह लिहून वरच्या दिशेच्या बाणाची कळ दाबावी आणि ‘कंट्रोल’ व ‘एंटर’ या कळा एकत्र दाबाव्यात. प्रत्येक कोऱ्या सेलात वरचे नाव येते. त्यानंतर तो रकाना केवळ मूल्यांच्या रूपात पुन्हा चिकटवावा. मात्र सजावटीच्या कोऱ्या ओळी आधी काढून मगच हे करावे. अन्यथा त्यांतही तालुक्याचे नाव भरले जाईल.

सुरक्षित पद्धत : सात पायऱ्या

१. मूळ धारिकेची प्रत करून ठेवावी आणि काम प्रतीवर करावे. मूळ प्रतीला हात लावू नये.

२. तक्त्याच्या डाव्या बाजूस नवा रकाना घालून प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यावा, कोऱ्या ओळींनाही. वरील यादीत शीर्षक पहिल्या ओळीत असेल, तर ए२ मध्ये १ लिहून ‘फिल’ मधील ‘सिरीज’ ही आज्ञा घ्यावी, ‘कॉलम्स’ हा पर्याय निवडावा आणि शेवटचा अंक ४१२ द्यावा. या एका कृतीने दोन गोष्टी साधतात. मूळ क्रम कायमचा नोंदला जातो; आणि एकही ओळ पूर्ण कोरी न राहिल्याने तुटलेला तक्ता सलग होतो. चाळणी आता शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेल.

३. उजवीकडील मोकळ्या रकान्याला ‘भरलेले सेल’ असे शीर्षक द्यावे. आय२ ते आय४१३ हे सेल निवडून =काउंटए(बी२:एच२) हे सूत्र लिहावे आणि ‘कंट्रोल’ व ‘एंटर’ एकत्र दाबावे. ‘काउंटए’ हे सूत्र ओळीतील किती सेल भरलेले आहेत ते सांगते. अनुक्रमांकाचा रकाना ए मोजणीत घ्यावयाचा नाही, नाहीतर एकही ओळ कोरी ठरणार नाही.

४. या रकान्यात चाळणी लावून आधी १ ते ६ हे अंक निवडावेत. समोर १९ अपुऱ्या नोंदी येतील. त्यांची स्वतंत्र यादी करून संबंधित गावाकडे पूर्ततेसाठी पाठवावी. सफाईतून हाती लागणारे हे सर्वांत मोलाचे फळ होय.

५. आता चाळणीत फक्त ० निवडावे. २४ ओळी दिसतील. त्या डोळ्यांखालून घालाव्यात आणि मगच निवडून ‘डिलीट रो’ या आज्ञेने काढाव्यात. एक्सेलमध्ये चाळणी लागू असताना दिसणाऱ्या ओळीच निघतात. लपलेल्या ओळी राहतात.

६. चाळणी काढून पडताळा घ्यावा. ४१२ मधून २४ गेल्या, म्हणजे ३८८ राहिल्या पाहिजेत. मासिक रकमेची बेरीज सफाईपूर्वी जी होती तीच सफाईनंतर आली पाहिजे. कोरी ओळ काढल्याने एका रुपयाचाही फरक पडता कामा नये. फरक पडला तर काढलेली ओळ कोरी नव्हती.

७. अन्यत्र कोठे ‘रेफ’ ही चूक दिसू लागली आहे काय, हे पाहावे. काढलेल्या ओळीतील सेलचा थेट उल्लेख दुसऱ्या सूत्रात असेल, तर ही चूक उमटते.

अनुक्रमांकाचा रकाना लगेच काढून टाकू नये. त्यातील गाळलेल्या अंकांवरून कोणत्या ओळी गेल्या हे पुढेही कळते. यादी फार मोठी असेल, तर चाळणीऐवजी ‘भरलेले सेल’ या रकान्यावर उतरता क्रम लावावा. कोऱ्या ओळी तळाशी एकत्र येतात, त्या एकदम काढता येतात आणि अनुक्रमांकावर पुन्हा चढता क्रम लावला की यादी पूर्ववत होते. ओळींमध्ये वरच्या-खालच्या ओळींवर अवलंबून असलेली सूत्रे मात्र तीत असू नयेत.

सहाव्या पायरीचे महत्त्व इंग्लंडमधील एका घटनेवरून पटेल. कोविड साथीच्या काळात २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात तेथील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या स्वरूपाच्या एक्सेल धारिकेत भरली जात होती आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गळून पडल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. आज वापरल्या जाणाऱ्या स्वरूपात १०,४८,५७६ ओळी मावतात. पण किती ओळी आल्या आणि किती राहिल्या, हे मोजण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

दिसावयास कोऱ्या, पण आतून भरलेल्या

कधी कधी डोळ्यांना ओळ कोरी दिसते आणि ‘काउंटए’ मात्र १ किंवा २ असे उत्तर देते. अशा वेळी संगणकाला दोष देऊ नये. सेलात काहीतरी आहे. बहुधा कोणीतरी ‘स्पेस’ची कळ दाबून मजकूर पुसला असे मानलेले असते. काही वेळा सूत्राचे उत्तर रिक्त मजकूर असे असते; त्या सेलात काही दिसत नाही, पण ‘काउंटए’ तो भरलेला धरते. संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात आणखी एका प्रकारची मोकळी जागा येते. तिचा सांकेतिक क्रमांक १६० आहे आणि जादा जागा काढणारे ‘ट्रिम’ हे सूत्र तिला स्पर्श करत नाही.

यावर उपाय म्हणजे सेल मोजण्याऐवजी अक्षरे मोजणे. त्यासाठी =समप्रॉडक्ट(लेन(ट्रिम(बी२:एच२))) हे सूत्र वापरावे. प्रत्येक सेलातील जादा जागा वगळून उरलेल्या अक्षरांची बेरीज ते देते. उत्तर शून्य आले तर ओळ खरोखर कोरी. १६० क्रमांकाची जागा असल्याचा संशय असेल, तर आधी ‘सबस्टिट्यूट’ या सूत्राने ती काढून मग मोजावे. सूत्राने चूक दाखवली, तर त्या ओळीतील एखाद्या सेलातच चूक आहे असे समजून ती ओळ हाताने तपासावी.

याच्या उलट प्रकारही संभवतो. शून्ये पडद्यावर न दाखवण्याची सोय एक्सेलमध्ये आहे. ती चालू असेल, तर शून्यांनी भरलेली ओळ कोरी दिसते. येथे डोळा फसतो, पण ‘काउंटए’ फसत नाही. म्हणून ओळ कोरी आहे की नाही याचा निर्णय नजरेवर सोडू नये.

तक्त्याच्या शेवटचे माळरान

काही धारिका शंभर-दोनशे नोंदींच्या असूनही उघडावयास वेळ घेतात आणि छापताना कोरी पाने बाहेर पडतात. अशा वेळी ‘कंट्रोल’ आणि ‘एन्ड’ या कळा एकत्र दाबाव्यात. शेवटच्या नोंदीऐवजी हजारो ओळी खाली सेल निवडला गेला, तर तेथवर कधीतरी रंग, रेघा किंवा सूत्रे भरली गेली होती असे समजावे. शेवटच्या नोंदीखालच्या ओळी शेवटपर्यंत निवडून त्या ‘डिलीट रो’ने काढाव्यात. केवळ ‘डिलीट’ कळ दाबल्याने मजकूर जातो, रंग-रेघा जात नाहीत. मग धारिका जतन करून पुन्हा तीच कळ दाबून पाहावी. गूगल शीट्समध्येही ही स्वच्छता उपयोगी पडते, कारण तेथील एक कोटी सेलांच्या मर्यादेत कोरे सेलही मोजले जातात.

दरमहा येणाऱ्या तक्त्यांसाठी

एकच काम दर महिन्याला करावयाचे असेल, तर एक्सेलमधील ‘पॉवर क्वेरी’ ही सोय उपयुक्त आहे. २०१६ च्या आवृत्तीपासून ती ‘डेटा’ या विभागात अंगभूत मिळते. तीत तक्ता घेऊन ‘रिमूव्ह रोज’ मधील ‘रिमूव्ह ब्लँक रोज’ ही आज्ञा दिली की सर्व रकाने रिक्त असलेल्या ओळीच निघतात. एखादा सेल रिक्त असलेली ओळ सुरक्षित राहते. मूळ तक्ता जसाच्या तसा राहतो आणि पुढील महिन्याची माहिती भरल्यावर एकदा ‘रिफ्रेश’ केले की तीच सफाई पुन्हा होते. केवळ मोकळ्या जागा असलेले सेल ती रिक्त मानत नाही. म्हणून आधी तेथील ‘ट्रिम’ ही क्रिया करून घ्यावी. आधीपासून अनुक्रमांक छापलेला तक्ता असेल, तर तो रकाना प्रथम वगळावा लागेल.

पुन्हा उगवू नयेत म्हणून

शेतातील तण काढण्यापेक्षा ते बियाण्यातूनच येऊ न देणे शहाणपणाचे असते. नमुना तक्ता पाठवणाऱ्या कार्यालयाने काही पथ्ये पाळली, तर खालच्या स्तरावरील बरेच श्रम वाचतील. शीर्षकाची ओळ एकच असावी. तालुके वेगळे दिसावेत म्हणून ओळ सोडू नये. ओळीची उंची वाढवावी किंवा जाड रेघ द्यावी. प्रत्येक ओळीत गाव आणि तालुका पूर्ण लिहावा. बेरजेची ओळ नोंदींच्या मध्ये घालू नये. ती वेगळ्या पानावर ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य मोकळ्या जागेविषयी आहे. आकड्याच्या रकान्यात ‘निरंक’ असा शब्द लिहिला तर ‘सम’ हे सूत्र तो सोडून देते, परंतु अधिकच्या चिन्हाने केलेली बेरीज चूक दाखवते. यास्तव आकड्याच्या रकान्यात आकडाच असावा आणि शेजारी ‘स्थिती’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा. त्यात ‘प्राप्त’, ‘निरंक’, ‘अप्राप्त’ आणि ‘लागू नाही’ या चारांतूनच निवड करता येईल अशी यादी ‘डेटा व्हॅलिडेशन’ने बसवावी. निरंक असेल तेथे आकडा ० भरावा. अप्राप्त असेल तेथे आकडा रिकामा ठेवावा, पण स्थिती लिहावी. असा तक्ता भरणाऱ्या तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला एक शब्द अधिक निवडावा लागेल. पण वर संकलन करणाऱ्याला तर्क करावा लागणार नाही आणि कोणतीही खरी नोंद कोऱ्या ओळीसारखी दिसणार नाही.

कोरी ओळ काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ती कोरी असल्याची खात्री करण्यास आणखी दहा मिनिटे लागतात. तक्त्यातील एक ओळ म्हणजे बहुधा एक माणूस, एक गाव किंवा एक शेत असते, हे ध्यानात घेतले तर ही दहा मिनिटे कार्यालयाच्या वेळापत्रकात अवश्य बसवावयास हवीत. यादी किती स्वच्छ दिसते यापेक्षा तीत यावयास हवे ते प्रत्येक नाव आले आहे किंवा नाही, यावरच तिची खरी परीक्षा होत असते.